स्वतःलाच हाक मारणारा माणूस

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, मी निवृत्तही झालो, पण त्यातला एकही तपशील विसरलेलो नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. अंगावर काटा आला तो मात्र त्या एकाच तपासात, तोही टळटळीत दुपारी, सोबत हवालदार असताना.

मी तेव्हा मुखेडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं एका बाईला आत आणलं. साठीच्या आसपासची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर मोठं गाठोडं.

“साहेब, माझ्या मालकाची तक्रार द्यायची हाय. हरवलेत.”

“कधीपासून?”

“तीस वर्सं झाली.”

ठाणे अंमलदार हसू दाबायला लागला. मी त्याला बाहेर पाठवलं आणि बाईला बसायला सांगितलं.

“मावशी, मग इतक्या वर्षांनी आज कशा आलात?”

तिनं टेबलावर गाठोडं सोडलं. आत लुगडी होती, एकावर एक, सगळी हिरवी. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

“दर संक्रांतीला येस्टीनं पार्सल येतंय. चिठ्ठी न्हाई, धाडणाऱ्याचं नाव न्हाई. पर मला ठावं हाय कोन धाडतंय ते. यंदा आलं न्हाई. त्येंना कायतरी झालंय, साहेब.”

“एकही नेसला नाहीत?”

“ते आल्यावर नेसीन म्हणलं.”

या प्रकरणातलं कोणाचंही खरं नाव मी देणार नाही. सांगायची सोय म्हणून तिच्या नवऱ्याला गंगाराम म्हणू आणि त्याच्या मित्राला दत्ता. दोघं एकाच गल्लीतले. तेलंगणातल्या एका कोळशाच्या गावी दत्ता खाणीत कायम नोकरीला होता. गंगाराम काम शोधायला त्याच्याकडं गेला. महिनाभरात खाणीत छत कोसळलं आणि दत्ता गेला, अशी तार गावात आली. गंगाराम मात्र परत आलाच नाही. मित्राचं प्रेत टाकून तो पळाला, त्यानंच काहीतरी केलं असेल, असं लोक बोलू लागले. दत्ताची विधवा या बाईच्या घरापासून दोन घरं सोडून राहायची. तीस वर्षांत ती हिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

मी हरवलेल्या व्यक्तीची रीतसर नोंद घेतली. उंची मध्यम, रंग सावळा. ओळखीची खूण विचारली तेव्हा बाई म्हणाली, “डावा कान फाटकाय. बैलाच्या शिंगानं पाळीचे दोन तुकडे झालेते.”

लुगड्यांची कागदं तिनं जपून ठेवली होती. त्यांवर बसच्या पार्सल खिडकीचा शिक्का होता, तिला न वाचता येणारा; तो त्याच कोळशाच्या गावचा. मी तिथल्या ठाण्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: या नावाचा म्हातारा इथं आहे, जुन्या खाणीच्या क्वार्टर्समध्ये एकटा राहतो.

तपास संपला असंच मला वाटलं. वरिष्ठांकडून राज्याबाहेर जाण्याची परवानगी घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि देगलूरकडच्या, तेलुगू जाणणाऱ्या एका जुन्या हवालदाराला घेऊन धर्माबादहून रेल्वेनं निघालो.

निजामाच्या राज्यात आमचा मुलूख आणि ते गाव एकाच अमलाखाली होतं. जमिनीत कोळसा लागला तेव्हा आमच्याकडची माणसं बैलगाड्यांनी तिकडं गेली. तिथं अजून एका रांगेला ‘मराठी लाइन’ म्हणतात. एकेकाळी तिथं आमच्या बायका तेलुगू बायकांबरोबर फुलांची बतुकम्मा देवी मांडत आणि पोळ्याला बैल नसले तरी मातीचे बैल करून मिरवत. घराघरातली चूल खाणीच्या भोंग्यावर पेटायची. भोंगा अवेळी वाजला की हातातलं टाकून सगळ्या बायका खाणीच्या तोंडाकडं धावायच्या. हे सगळं मला रांगेच्या टोकाला चहा विकणाऱ्या तेलुगू म्हातारीनं सांगितलं. ती बोलत होती तेव्हा समोरच्या अख्ख्या रांगेत एकही माणूस नव्हता.

भूमिगत खाणी बंद पडल्या होत्या. खालची जमीन पोकळ, म्हणून वरची खचत होती. कंपनीनं रांगाच्या रांगा रिकाम्या केल्या होत्या. घरांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेलेल्या, भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा. काही भेगांतून ऊन वाफ येत होती. हवालदारानं चप्पल काढून एका घराच्या फरशीवर पाय ठेवला आणि लगेच उचलला.

“साहेब, खाली तापलंय. कोळसा जळतोय आत.”

मी म्हातारीला गंगारामबद्दल विचारलं. तिनं कपाळाशी बोट फिरवलं. “पिच्चोडु,” म्हणाली. म्हणजे वेडा. मग तेलुगूत आणखी काही बोलली. हवालदार माझ्याकडं बघत राहिला.

“काय म्हणते?”

“म्हणते, रोज दोन वाजता तो खाणीच्या तोंडाशी जातो आणि स्वतःलाच हाक मारतो.”

दोनला दहा मिनिटं कमी होती. आम्ही निघालो.

खाणीचं तोंड विटांनी चिणून टाकलं होतं. भिंतीत हवेसाठी एक लोखंडी नळी सोडलेली, आणि त्या नळीतून सारखा घूं आवाज येत होता. शेजारी देवीची छोटी घुमटी आणि खाणीत गेलेल्यांच्या नावांची पाटी. त्या पाटीवर दत्ताचं नाव मी वाचलं. तेवढ्यात एक वाळलेला म्हातारा आला. डोक्याला, कानांवरून मफलर गुंडाळलेला. आमच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो नळीपाशी वाकला आणि मोठ्यानं, पण समजुतीच्या सुरात बोलायला लागला.

“गंगाराम… ए गंगाराम. ऊठ. डाव्या हातानं ये. आता सरळ. हितं चढ हाय, जपून. गंगाराम, वर ये गा.”

प्रत्येक हाकेनंतर तो नळीला कान लावून थांबायचा. नळीतून घूं आवाज यायचा, की तो पुढचं वळण सांगायचा. हवालदारानं माझा दंड धरला होता. त्याला ते कळलं नसावं.

म्हाताऱ्याचं आटोपल्यावर मी पुढं झालो, ओळख सांगितली आणि त्याला त्याच्या खोलीवर घेऊन गेलो. चुलीपाशी एक पातेलं, खाटेखाली औषधांच्या बाटल्या. तो बोलताना छातीत दगड घासल्यासारखा आवाज येत होता. संक्रांतीला तो दवाखान्यात होता, म्हणून पार्सल गेलं नव्हतं.

“तुमची बायको वाट बघतेय,” मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. आनंद नाही, रडू नाही. पुष्कळ हरवलेली माणसं मी घरी पोचवलेली आहेत. घरचं नाव काढल्यावर असं गप्प कोणी होत नाही.

“मफलर काढा.”

तो काढेना. हवालदारानं हळूच सोडवला. त्याचे दोन्ही कान धड होते.

“गंगाराम कुठं आहे?”

त्यानं बोटानं फरशीकडं दाखवलं.

“प्रेत निघालं नव्हतं?”

“प्रेत निघालं, साहेब. त्यो न्हाई निघाला.”

मग तो सांगू लागला. तो दत्ता होता. त्या दिवशी त्याला ताप होता, म्हणून त्याच्या जागी, त्याचा बिल्ला आणि दिवा घेऊन गंगाराम खाली उतरला. एकमेकांच्या बिल्ल्यावर जाण्याचा प्रकार तिथं सर्रास चाले. दुपारी छत बसलं. चेहरा ओळखू येत नव्हता. बिल्ल्यावरून दत्ता मेला अशी नोंद झाली. टोळीतल्या माणसांना खरं माहीत होतं. त्यांनी दत्ताला लपवलं. गंगाराम कंपनीचा माणूसच नव्हता, त्याच्या घरी काही मिळालं नसतं, उलट सगळ्यांची नोकरी गेली असती. दत्ता मेला तर त्याच्या बायको-मुलाची सोय होणार होती. पुढं त्याचा मुलगा वारसा हक्कानं दुसऱ्या खाणीत लागलाही. दत्ता मात्र गंगारामचं नाव घेऊन ठेकेदाराकडं राबत राहिला.

“हितं रिवाज हाय, साहेब. मेलेलं माणूस वर आणताना खांदेकऱ्यांनी त्याचं नाव घेऊन एकेक वळण सांगायचं. न्हाईतर त्यो आतच घुमत ऱ्हातो. त्या दिशी समद्यांनी ‘दत्ता, डावीकडं, दत्ता, सरळ’ असं म्हणलं. साहेब लोकं होते संगं, दुसरं कसं म्हणणार? गंगारामला कुनी बलवलंच न्हाई.”

बाहेर उन्हात पत्रा तडकल्याचा आवाज झाला आणि आम्ही तिघंही दचकलो.

चौकशीत मी एक पाळत आलो आहे. माणूस न विचारता एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगू लागला, की तिथं थांबायचं. दत्तानं तापाचा उल्लेख चार वेळा केला होता. मी त्याला काही विचारलं नाही. नुसता त्याच्याकडं बघत बसलो.

“ताप नव्हता,” शेवटी तो म्हणाला. “आदल्या दिशी छत बोलत हुतं.”

“म्हणजे?”

“पडायच्या आदी लाकडी खांब करकरतात, वरनं बारीक माती झरती. त्याला छत बोलणं म्हणत्यात. म्या ऐकलं. मला भ्या वाटलं. सकाळी गंगारामला म्हणलं, अंगात कणकण हाय, तू जा. त्यो खुशीत गेला, साहेब. खाण बघायची लई हौस व्हती त्याला. म्या त्याला सांगितलं न्हाई.”

स्थानिक ठाण्यात पंचांसमोर त्याचा जबाब घेतला. टोळीतले दोघं जण हयात होते, त्यांनीही दुजोरा दिला. “लुगडी का पाठवायचास?” असं मी विचारलं, तर म्हणाला, “तिचं कुंकू जाऊ ने म्हणून.” या उत्तराचा मला राग आला. तो अजूनही गेलेला नाही.

परत आल्यावर मी स्वतः त्या गावी गेलो. बाई अंगणात तूर पाखडत होती. मी जे होतं ते सरळ सांगितलं. ती सुपाकडं बघत ऐकत होती. सगळं ऐकल्यावर तिनं एकच विचारलं.

“त्या दिशी जेवून गेलते का खाली?”

मी हे दत्ताला विचारलं नव्हतं. तिथूनच फोन लावला. दत्ताला आम्ही दवाखान्यात ठेवलं होतं; तिकडचा शिपाई तिथं जाऊन विचारून आला आणि अर्ध्या तासानं फोन आला. भाकरी खाऊन गेला होता. तेव्हा ती रडली. तोवर गल्ली जमली होती. गर्दीतून दत्ताची बायको पुढं आली, तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. निघताना मी दत्ताच्या बायकोला विचारलं, “नवऱ्याला भेटायचंय का? माणूस फार दिवसांचा नाही.”

“कुनाला भेटू, साहेब? माझा मालक तवाच मेला.”

ती गेली नाही. गंगारामची बायको मात्र निघाली. तिला दत्ताला भेटायचं नव्हतं, खाणीच्या तोंडाशी जायचं होतं. मी रजा टाकून सोबत गेलो, तोच हवालदारही आला. तिनं त्या गाठोड्यातलं एकही लुगडं नेसलं नव्हतं, आपलं रोजचंच होतं. नळीपाशी ती खूप वेळ नुसती उभी राहिली. मला अडचण समजली. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी म्हणालो, “मावशी, तुमच्या वतीनं मी हाक मारू का?”

तिनं नको अशी मान हलवली. पदर डोक्यावर घेतला, नळीशी तोंड नेलं आणि दारात उभं राहून बोलावं तसं म्हणाली, “अहो, चला आता. घरी चला.”

नळीतला घूं आवाज थांबला. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं नाही. देवीच्या घुमटीवरची चिंधीसुद्धा हलत नव्हती. नंतर खाणीच्या एका जुन्या मुकादमाला मी विचारलं. तो म्हणाला, दुपारी आतल्या हवेचा दाब बदलतो, असं होतं कधीकधी. तसंच असेल. हवालदार मात्र परतीच्या गाडीत आमच्या डब्यात तीन नाही, चार जागा धरून बसला होता, आणि ती चौथी जागा मीही रिकामीच राहू दिली. धर्माबाद जवळ आलं तेव्हा गाडीत बाईनं कपाळ पुसलं. कुंकवाचा डाग तीस वर्षांत कातडीत मुरला होता, तो पूर्ण निघाला नाही.

दोषारोपपत्र तयार होण्याआधीच दत्ता गेला. मुलगा अग्नी द्यायला आला. लहानपणी ज्याला त्यानं बाप म्हणून अग्नी दिला होता तो गंगाराम होता, हे त्याला त्याच आठवड्यात कळलं होतं. कंपनीनं त्याची चौकशी लावली, ती माझ्या हद्दीबाहेरची गोष्ट.

तोवर मिसिंगचं रजिस्टर म्हणजे मला कटकट वाटायची. मिळून आला नाही असा शेरा मारायचा आणि पान उलटायचं. या प्रकरणानंतर माझी जिथं बदली झाली तिथं पहिल्या आठवड्यात मी जुन्या मिसिंगच्या फायली कपाटातून काढायला लावल्या आणि एकेका घरी स्वतः गेलो. बहुतेक ठिकाणी सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. कुणाचा भाऊ, कुणाची लेक, कुणाचा म्हातारा बाप. तरीही लोक मला बसवून घ्यायचे आणि हरवलेल्या माणसाला काय आवडायचं, तो कसा चालायचा, हे तासन्‌तास सांगायचे. मी ऐकत बसायचो. उठताना कुणीतरी हमखास विचारायचं, “साहेब, पुन्हा याल ना?” जमेल तिथं मी गेलो. जमलं नाही अशी अकरा घरं आहेत. त्यांचे पत्ते मला तोंडपाठ आहेत.