लात्व्हियन टोमण्याला मराठी ओवी

आवाज मंडईतला आहे म्हणून मंडळाच्या गणपतीत मला कोरसमधून काढलं. तसं तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. "काकू, या वर्षी तुम्ही प्रसादाचं बघा ना, प्लीज," एवढंच म्हणाले. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, जुन्या फर्निचरचं दुकान मी याच आवाजावर उभं केलंय. त्या दिवशी निमूट शिरा ढवळला, पण विसरले नाही. अजूनही नाही.

दुकानात एक लात्व्हियन म्हातारी यायची. एका खुर्चीच्या भावावरून आम्ही दोघी अशा भांडलो की बाकीची गिऱ्हाइकं निघून गेली. शेवटी खुर्ची उचलत ती म्हणाली, "हा आवाज दुकानात वाया चाललाय. जूनमध्ये आमच्या सणाला ये."

वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचा तो सण. पार्कमध्ये शेकोटी, बायकांच्या डोक्यावर फुलांची कडी, आणि गाणी. दायना म्हणतात त्यांना. चारच ओळींची, आपल्या ओवीसारखी, काम करता करता जुळवलेली. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि काहींनी खाली एकच सूर लांब धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. म्हातारीच्या मांडीवर कोकले होतं, लाकूड कोरून केलेलं तारांचं वाद्य. तिच्या नातीनं मात्र आपलं कोकले ॲम्प्लिफायरला जोडलेलं, सोबत ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार. मला वाटलं, म्हातारी नाक मुरडणार. ती पायानं ठेका धरत म्हणाली, "माझी आई असती तर म्हणाली असती, आवाज अजून वाढवा."

मग सगळ्या माझ्याकडे वळून गायला आणि हसायला लागल्या. नातीनं अर्थ सांगितला: दुकानदारीण आली, खुर्च्या तिच्या लंगड्या, जीभ तेवढी धडधाकट!

माझं डोकंच फिरलं. घरी बोलावल्यासारखं बोलवायचं आणि चारचौघांत अपमान करायचा? मी पर्स उचलली. म्हातारीनं मनगट धरलं.

"कुठे निघालीस? आमच्यात पाहुण्यांना असंच गाण्यातून डिवचतात. जो रागावला तो हरला. उत्तर दे, पण गाऊन."

हरायचं? मी? आईची जात्यावरची चाल पकडली आणि पूर्ण ताकदीनं सोडली:

खुर्ची माझी लंगडी, कबूल गं बाई,
बसणारीचं वजन कुणी विचारत नाही!

एक शब्द न कळता त्या सगळ्यांनी माझी ओळ उचलली, वेड्यावाकड्या मराठीत, खाली तो सूर धरून. ड्रम मागून घुसला. मी अर्थ सांगितला तेव्हा म्हातारी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत मंडळात पोचला. परवा अध्यक्षांचा फोन.

"काकू, काय धमाल केलीत! यंदा गणपतीत हा फ्यूजन आयटम ठेवू. त्या बायका गातील, तुम्ही फक्त कोऑर्डिनेट करा."

"पुढे मी गाणार," मी म्हटलं. "आणि तुमचा कोरस माझी ओळ मागून उचलणार."

"कोरसला ते जरा जड जाईल हो."

"मग त्यांना प्रसादाचं बघायला सांगा."