मायलेकींच्या पापण्या

रोवण्याच्या दिवसांत बाया बांधीतल्या चिखलात एका ओळीने वाकायच्या आणि धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत मागे मागे सरकायच्या. माझ्यापाशी ती ओळ मोडायची. थोडं लावलं की दंडातला जोर निघून जायचा, मान वर राहायची नाही. बाकीच्या मागे सरकून गेलेल्या असायच्या आणि मी एकटीच चिखलात उभी. आरमोरीकडच्या आमच्या गावात जवान पोरीला याहून मोठी लाज नव्हती.

"माय तशी लेक," शेजारची बाई हसत म्हणाली. "दोघीयलेबी झोपच येऊन राह्यते."

माझ्यासारख्याच मायच्या पापण्याही कायम अर्ध्या मिटलेल्या असत. बाबांची आई तिला तोंडावर 'सुस्त' म्हणायची. बाबा ऐकून हसायचे. माय उलट बोलायची नाही. ती घरात सगळ्यांच्या आधी उठायची, कारण तेच काम करायला तिला इतर बायांपेक्षा जास्त वेळ लागायचा. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अकरावीत मी हनुवटी उचलून फळा बघायची. तसं केल्याशिवाय पापण्यांखालून दिसायचंच नाही. एकदा सर म्हणाले, "काऊन वं, घरी झोपू देत नाई का तुले?" वर्ग हसला. मी मान खाली घातली, तर समोर काळोखच झाला.

ऊर्जानगरला वीजकेंद्रात असलेला मामा त्या सुमारास घरी आला होता. विहिरीवरून येताना अंगणातच माझ्या हातून हंडा सुटला. आजी ओरडली. मामानं मला बसवलं, माझा हात हातात घेऊन म्हणाला, "दाब माहा हात. अजून दाब." मग तो मायकडे वळला. "बाई, हा आळस नोहे. हिले नागपूरले दाखवू."

नागपूरच्या दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला वर, खाली, डाव्या-उजव्या बाजूला बघायला लावलं. मग बाकावर बसलेल्या मायकडे त्यांची नजर गेली.

"तुम्हीसुद्धा वर बघा जरा."

मायनं पदर कपाळावर ओढला. "मले काई नाई झालं जी. माह्या पोरीले पाहा."

बाईंनी हलकेच पदर बाजूला केला. माय वर बघायचा प्रयत्न करत होती आणि तिचे डोळे जागचे हलत नव्हते. इतकी वर्षं मी तो चेहरा रोज पाहिला होता.

माझ्या दंडातून स्नायूचा बारीक तुकडा काढला. पुढच्या खेपेला बाईंनी तो मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. रंग दिलेल्या धाग्यांमध्ये काही धागे तांबडे, कडेला फाटल्यासारखे होते. त्यांनी कागदावर शेंगेसारखी आकृती काढली. ती मी ओळखली, पुस्तकातली, पेशीमधली तंतुकणिका. अन्नातून ताकद तयार होते ती इथे, त्या म्हणाल्या. तिच्याभोवती दोन पडदे असतात आणि त्या पडद्यांत बारीक दारं. कच्चा माल त्यांतून आत जातो, तयार झालेली ताकद बाहेर येते. दारं बिघडली की आतलं कामच मंदावतं, आणि सतत राबणारे स्नायू आधी थकतात, पापण्यांचे तर सगळ्यांत आधी. "तुमच्यात नेमकं दारच बिघडलं की आतलं काही, ते आज मला सांगता येणार नाही. पण आईकडून लेकीकडे आलेलं दिसतं."

मायनं विचारलं, "म्हंजे मीच देल्लं का हिले?"

"ते तुमच्या हातात नव्हतं, बाई."

मायनं मान हलवली, पण तिनं ऐकलं होतं ते आधीचंच वाक्य, आईकडून लेकीकडे आल्याचं. परतीच्या एस.टी.त ती पूर्णवेळ खिडकीकडे तोंड करून बसली.

मामानं अंगणात सगळं सांगितलं. आजी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हंडा उचलला आणि विहिरीवर गेले. आमच्याकडे बाप्या माणूस पाण्याला जात नसे. बाया बाजूला सरल्या, मग कुणीतरी म्हणालं, "आता भाऊले लुगडंबी नेसवा." सगळ्या हसल्या. बाबांचे कान लाल झालेले मला दारातून दिसत होते.

माय तर रडकुंडीला आली. "असं नोका करू जी. लोकं हासून राह्यले."

"हासू दे," बाबा म्हणाले. "आजवर आपुनच हासलो न तुले."

त्यांनी हंडा खाली ठेवला आणि दुसरा भरायला गेले. आजीनं 'सुस्त' हा शब्द सोडला. त्याच्या जागी दुसरा कुठलाही शब्द तिनं शोधला नाही; मायशी बोलणंच कमी केलं.

औषध असं नव्हतंच. मी शेतातून सुटले, शिकले, शाळेत बसून करायची नोकरी धरली. माझी लाज हळूहळू कमी झाली, कारण तिला आता आळसाऐवजी आजाराचं नाव मिळालं होतं. मायची मात्र वाढली. मी थकून भिंतीला टेकले की ती जवळ येऊन माझे दंड चोळत बसायची, आणि तिचे स्वतःचे हात माझ्याआधी थकायचे.

"माह्याच्यानं झालं वं पोरी," ती म्हणायची.

"तुह्यानं नाई झालं," मी म्हणायची, कधी प्रेमानं, कधी चिडून. तिनं ते शेवटपर्यंत मानलं नाही.