डोळ्यावर आलेला मायक्रोस्कोप

किस्से घडतात तेव्हा हसू येत नाही हो, घाम फुटतो. हसू नंतर, चहाबरोबर. आमचं डिचोलीतलं डोळ्यांचं छोटं हॉस्पिटल, मी तिथली ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ऑपरेशनचा मायक्रोस्कोप लावणं, पुसणं, झाकून ठेवणं हे माझं आणि सुहास टेक्निशियनचं काम. चूक झाली आमची, तर डोळा जाणार दुसऱ्याचा. म्हणून माझी जीभ जरा तिखट!

*

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच केसला डॉक्टर मॅडम ओरडल्या, "सिस्टर, सगळं धुरकट दिसतंय! बुबुळाला काय झालं?"

मी वाकून बघते तर मशीनच्या खालच्या भिंगावर कुंकवाचं बोट!

"मेल्या, भिंगाला कुंकू?"

सुहास सावंतवाडीचा. म्हणतो, "मग सिस्टर, तेचा कपाळ खंय असता?"

*

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी मशीनवर कव्हर घातलं, ते ओलसर. सुट्टीनंतर बघतो तर भिंगात बुरशीची जाळी! भिंग साफ करायला बाहेर पाठवलं, ऑपरेशनं पुढे ढकलली. धारगळची एक आजी पहिल्या बसने येऊन बसलेली. तिला हात जोडून सगळं खरं सांगितलं.

"नेवऱ्यो तुमी खाल्ल्यो आनी बुरशी म्हज्या दोळ्याक?"

चवथीच्या करंज्या खाल्ल्या होत्याच की आम्ही!

*

केसआधी फोकस मधोमध आणून ठेवायचा, म्हणजे पायाने पेडल दाबलं की मशीनला वर-खाली दोन्हीकडे जागा राहते. एका सकाळी मी सुहासशी भांडत होते, ते राहिलं. ऐन ऑपरेशनमध्ये मॅडम पेडल दाबतायत आणि मशीन खाली जाईना! त्यांनी हत्यार डोळ्यातून बाहेर काढलं, आम्ही फोकस परत लावला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, राग घरी ठेवा. फोकस इथे आणा."

*

खाणीवर ट्रक चालवणारे एक काका होते. एक डोळा दगड लागून आधीच गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू. डोळा तेवढा बधिर केलेला, माणूस टक्क जागा.

त्या दिवशी मशीनला नवा कॅमेरा जोडला होता. वजन वाढलं की मशीनच्या हाताचा बॅलन्स पुन्हा करायचा असतो. सुहासने नुसता नॉब करकचून आवळला!

मॅडमचं हत्यार डोळ्यात, आणि मशीनचं डोकं हळूहळू खाली यायला लागलं. ओरडावं तर काका दचकणार. दचकले तर हाही डोळा जाणार. मी धावले आणि दोन्ही हातांनी मशीन तोलून धरलं. मॅडमनी मान वर केली नाही, काम चालू ठेवलं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. शेवटपर्यंत कुणी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काल हँडब्रेक सुटल्लो ना गे बाय?"

"काका, तुम्हाला कळलं होतं?"

"उजेड खाली येताना दिसलो माका. म्हणान हललंय नाय. उतारार गाडी सुटली तर क्लीनरान ड्रायव्हराक हाक मारूची नसता!"