तांबड्या मातीचे डाग

सांगलीहून आलेल्या आतेभावाला मी अमेरिकेतलं माझं जॉर्जिया राज्य दाखवत होतो. "वर डोंगर, खाली मगरींची दलदल, पूर्वेला समुद्र. आमच्याकडे सगळं आहे!"

पीच घ्यायला रस्त्याकडेच्या दुकानात थांबलो. बावीस उन्हाळे मी इथूनच पीच घेतोय. म्हाताऱ्या मालकिणीने पिशवी भरली आणि दोघांच्याही हातात प्रवाशांसाठीचा नकाशा ठेवला. "आमच्या राज्यात स्वागत! घरी कधी परतणार?"

"शनिवारी," भाऊ म्हणाला.

इथली तांबडी माती कपड्यांना लागली की निघत नाही. माझ्या प्रत्येक पँटवर तिचे डाग आहेत. चेहऱ्यावर मात्र ती कुणालाच दिसत नसावी.

मालकीण माझ्या उत्तराची वाट पाहत होती, इतक्या मायेने की भांडताही येईना.

"मीही शनिवारीच," मी म्हणालो.