लेकीशेजारी उकिडवी

मिरजगावच्या शाळेत मी शिकवत होते, तेव्हा एक आई रोज लेकीला पोचवायला यायची. लेकीच्या हृदयात जन्मापासून दोष होता. चार पावलं चालली की ओठ जांभळे पडत आणि धाप लागून ती रस्त्यातच उकिडवी बसे. मग आईही शेजारी उकिडवी बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी मोठ्यानं बोलायची, "लई ऊन हाय बया! पाय चालंनात माजं." लोकांना वाटे, आईच दमलीय.

दुष्काळाच्या वर्षी ती लेकीला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. परतल्यावर शाळेच्या दारात मी विचारलं, "झालं का ऑपरेशन?"

"मोठं न्हाई झालं, बाई. काळजालाच रगत देनारी एक शीर नेमकी कापायच्या जागेवरनं आडवी गेलीय म्हनं. ती तुटली आस्ती तर पोर गेली आस्ती. म्हनून डाक्टरांनी फुप्फुसाकडं रगत जायाला दुसरी वाट काढून दिली. बाकीचं पुडं बगू म्हनले."

एवढं ती हळू आवाजात बोलली. लेक तोवर न थांबता वर्गात जाऊन बसली होती.

"आम्ही जपू तिला," मी म्हटलं.

तसा तिचा आवाज चढला. "जपा, पर पाडा चुकला तर हुबी करा. आजारी म्हनून सोडू नगा. तिला मोठं व्हायचंय."

दुसऱ्याच दिवशी बाराचा पाढा चुकला आणि मी तिला इतर मुलींबरोबर उभं केलं. पहिल्यांदाच शिक्षा झाली म्हणून पोरगी तासभर हसत होती.