सुबक वायरिंग

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात तापमान मोजणारे सेन्सर बनायचे. ते तपासायच्या पॅनेलमधले रिले टकटक करत एकेक सेन्सर मीटरला जोडायचे. त्या पॅनेलचं वायरिंग माझं. आमच्या मॅनेजरसाहेबांना सुबकपणाचं भारी वेड. रिले चालवणाऱ्या तारा आणि सेन्सरच्या नाजूक सिग्नलच्या तारा त्यांना एकाच जुडीत, दर वीतभर अंतरावर प्लास्टिकचे टाय मारून हव्या होत्या. का, तर गिऱ्हाईक आलं की दार उघडून मिरवायचं. रिले सुटताना शेजारच्या तारेत झटका जातो आणि मीटरचा आकडा चुकतो, हे या इंजिनिअरच्या गावीही नव्हतं. कोण त्यांच्या तोंडी लागणार? मी बांधून दिलं. "हात सोन्याचा आहे," म्हणाले. मला ते आवडलंही.

मग चांगले सेन्सर नापास व्हायला लागले. महाशयांनी पॅनेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सोल्डरिंग करणाऱ्या बाईंना बोलावून सगळ्यांसमोर झापलं.

"दिव्यावरून लोकलने येता, पाणी भरून दमता, मग इथे हात थरथरतात. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर घरी बसा."

बाईंनी नुसता हात पुढे केला. तो जरासुद्धा हलत नव्हता. साहेब मात्र मोबाइल बघत होते.

शनिवारी मी लवकर गेलो, सगळे टाय कापले. सिग्नलच्या तारा जोडीजोडीने पिळून पॅनेलच्या दुसऱ्या बाजूने नेल्या, रिलेच्या कॉइलवर झटका जिरवणारे डायोड लावले. मीटरवरचा आकडा जागचा हलेना. नापास झालेले सेन्सर एकामागून एक पास झाले.

साहेबांनी आत डोकावून नाक मुरडलं. "काय हा पसारा? झालं की आवरून ठेव."

"आवरलं की परत नापास होतील."

ते चहाला निघून गेले. बाईंशी एक शब्द नाही. असल्या माणसाची मला कीव येत नाही, किळस येते.

बाई टेबलावर सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक पुसत होत्या. "काका, तारांचं तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "बांधतानाच," मी म्हणालो.

"तीन आठवडे मी सोल्डरचे तेच टाके उसवून परत घालत होते," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी त्या नेहमीच्या वेळेला आल्या. तेव्हापासून मला काका म्हणत नाहीत. साहेब म्हणतात.