मी केलेलं भाषांतर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, निखिलला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, माहीत नाही.

२०१६ची गोष्ट. निखिल, माझा नवरा, मॉन्ट्रियलमध्ये विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर. पण जीव सगळा गाड्यांत. फ्रान्समध्ये एक छोटी स्पोर्ट्‌स कार कंपनी होती, एका जुन्या रेसिंग ड्रायव्हरने काढलेली. निखिलने त्यांना स्वतःची सस्पेन्शनची ड्रॉइंग्ज पाठवली. आणि चक्क मालकाचाच व्हिडिओ कॉल ठरला!

म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, निखिलला फ्रेंच. मी इथे नवीन आलेल्यांना फ्रेंच शिकवते — मग दुभाषी मीच. शनिवारी सकाळी आम्ही लॅपटॉपसमोर खेटून बसलो. अर्धा तास मी शब्दही इकडचा तिकडे केला नाही. खरंच नाही.

मग म्हातारा हसला. म्हणाला, असाच माणूस मला हवा होता — कधी येता?

मला नुकतीच कायमची नोकरी लागली होती. एकदा पुणं सोडून आले होते, त्याच्यासाठी. आता पुन्हा?

"काय म्हणाले गं?" निखिलने विचारलं.

"बघून कळवतो म्हणतायत."

आणि त्याच दमात, तशीच हसत, मी म्हाताऱ्याला सांगितलं — माझ्या नवऱ्याला कॅनडा सोडणं जमणार नाही. निखिल शेजारी मान डोलावत होता. त्याला वाटलं, मी आभार मानतेय.

तो वाट बघत राहिला. आभाराची मेल मी फ्रेंचमध्ये लिहून पाठवते म्हटलं — पाठवलीच नाही. शेवटी तोच म्हणाला, "मला फ्रेंच येत नाही म्हणून हुकलं. शिकव मला."

नाही कशी म्हणणार? रोज संध्याकाळी, दारासमोरचा बर्फ उपसून आला की तो माझ्यासमोर बसायचा. प्रत्येक नवं वाक्य त्याला त्या माणसाच्या जवळ नेत होतं, आणि त्याच्या चुका सुधारत होते मी! पळणार कुठे?

"पुन्हा फोन करून बघू का त्यांना?" एकदा त्याने विचारलं.

"आता घेतलं असेल रे त्यांनी कुणाला तरी." त्याने लगेच मानलं.

पुढे एकदा माझ्या शाळेतली मंडळी जेवायला आली होती. कुणीतरी गाड्यांचा विषय काढला. निखिल पहिल्यांदाच चारचौघांत फ्रेंच बोलला — सावकाश, शब्द शोधत. म्हणाला, त्या दिवशी माझी बायको शेजारी नसती, तर तो इंटरव्ह्यू झालाच नसता.

सगळे कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मी हसले.

त्याला बोलावलं होतं. मी जाऊ दिलं नाही.